मैलाच्या दगडाचा पिवळा

“काका, पाळण्याला तुम्ही कोणता रंग लावला होता?” मधुराचा फोन आला तेव्हा मधुकरराव निगुडकर उज्जैनच्या फ्रीगंजातल्या रंगाच्या दुकानात उभे राहून रेगमालाची, घासायच्या कागदाची, खरखर अंगठ्यानं तपासत होते. रविवारी मराठी मंडळातल्या स्नेहाच्या बाळाचं बारसं होतं, त्याआधी पाळणा घासून, रंगवून तयार व्हायला हवा होता, आणि हे काम आपल्याशिवाय कुणाच्या हातून नीट होणार नाही अशी मधुकररावांची चौतीस वर्षांची खात्री होती. त्यामुळे प्रश्न ऐकून त्यांना आधी आनंदच झाला. रंगाविषयी त्यांना आपणहून कुणी विचारत नसे. घरात बायको जयू तर हा विषय निघाला की कुकर बंद करायच्या निमित्तानं उठून जायची. “अगं, तो पिवळा बाजारात मिळतच नाही,” ते दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “मैलाच्या दगडांच्या डोक्याला लावतात ना, तो आहे. आमच्या बांधकाम खात्याचं आगर रोडचं काम चाललं होतं तेव्हाचे अजून दोन डबे उरलेत माझ्याकडे. तेवीस वर्षं झाली, पण वरची साय काढून थोडं टर्पेंटाइन घातलं की आजही ऊनपाऊस काही चालत नाही त्याच्यापुढं.” मग त्यांनीच विचारलं, “ऐकते आहेस ना?” “काका, आमच्या अहूच्या रक्तात शिसं निघालंय,” मधुरा म्हणाली. “सत्तावीस. पाचच्या आत पाहिजे होतं. डॉक्टर पूछ रही थीं, घरात कुठे जुना पेंट आहे का. आमचा फ्लॅट तर नवा आहे. मग मला पाळणा आठवला. दात येत होते तेव्हा ती कठडा चावायची न, काका.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, रडणंही नव्हतं, रात्रभर जागलेल्या माणसाचा सपाट आवाज होता तो. मधुकररावांनी रेगमाल काउंटरवर ठेवला. मग उगाचच तो सरळ करून ठेवला.

टॉवर चौकात आल्यावर त्यांना कळलं की आपण दुकानातून निघताना छत्री विसरलो, पण परत जायचं त्यांच्यानं झालं नाही. घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभ्या असलेल्या ई-रिक्षांतून कुणीतरी “माधव नगर, माधव नगर” ओरडत होतं आणि ते आपल्यालाच बोलावतंय हे समजायलाही वेळ लागला. बसल्यावर त्यांनी आपला अंगठा पाहिला. नखाच्या कडेला पिवळी रेघ होती. कालच त्यांनी घासायला सुरुवात केली होती. नखातली ती रेघ त्यांना आयुष्यभर आवडत आली होती, काम करणाऱ्या माणसाची खूण म्हणून. आता ती दुसऱ्या बोटाच्या नखानं खरवडावी असं वाटलं, आणि खरवडलं तर पूड कुठे पडेल या विचारानं त्यांनी मूठच मिटून घेतली. समोरच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर पोर होतं, ते मुठीकडे हात करत होतं. मधुकररावांनी मूठ खिशात घातली. मागच्याच आठवड्यात नानाखेड्याला मधुराकडून पाळणा आणताना त्यांनी कठड्यावर दातांचे चार बारीक खड्डे पाहिले होते, आणि घरी आल्यावर जयूला मोठ्या कौतुकानं दाखवले होते: “बघ, अहल्याबाईंनी सही केलीय!” दोघंही हसले होते. खड्ड्यांत रंग नव्हता. रंग गेला कुठे हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि त्याच दिवशी मधुरा चहा देता देता म्हणाली होती की अहू आधी चार शब्द बोलायची, आई, पापा, काऊ, दे. ते बंद झालेत, पोट दुखतं म्हणून अंग मुरडते, सतराव्या महिन्यात वजन हलत नाही. त्यावर या शहाण्या माणसानं काय सांगावं? “अगं, मी तर तीन वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो. आता बघ, थांबतो का!” तेही सगळे हसले होते.

पाळणा खरं तर त्यांच्याच बाळासाठी घेतलेला. नव्वद साली, जयूला सातवा महिना असताना, दोघांनी मिळून. साधा लाकडी, चार बाजूंनी गजांचा कठडा, वर दोन लाकडी राघू. बाळ आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. पाळणा माळ्यावर गेला, आणि जयू सहा महिने त्या माळ्याखालून जाताना वर पाहत नसे. मग शेजारच्या रजनीकडे पहिली मुलगी झाली. रजनीच्या सासूनं बिचकत विचारलं, “पाळणा पडूनच आहे न तुमच्याकडे?” मधुकररावांना वाटलं आता जयू दार लावून घेणार. जयूनं स्टूल आणलं. बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी तिच्याच हातात होती, आणि तिनंच गाणं म्हटलं, आवाज एकदाही न कापता. त्या दिवशी मधुकररावांनी पाळणा उलटा करून, तळफळीच्या न रंगवलेल्या बाजूला, ड्राफ्ट्समनच्या सरळ रेखीव अक्षरात त्या मुलीचं नाव लिहिलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. उज्जैनच्या मराठी घरांत बोलवा झाली की निगुडकरांचा पाळणा चांगल्या पायगुणाचा आहे. बँकेत बदली होऊन आलेले, रेल्वेतले, होळकर-शिंद्यांच्या काळापासून इथे असलेले, सगळे फोन करू लागले. दर वेळी पाळणा परत आला की मधुकरराव तो आधीचा रंग खरखरीत होईस्तोवर घासत, धुळीचे लोट उडवत, कधी स्वतःच्या गॅलरीत तर कधी बाळाच्याच घरी. आणि मग नवा रंग लावत, पुढे पुढे हा पिवळा. दुसऱ्याच्या मुलाला उष्टा रंग कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकेचाळीस नावं झाली होती तळाला. मूल नसलेल्या माणसाची एकेचाळीस मुलं, असं ते कुणाला कधी बोलले नव्हते, पण निवृत्त झाल्यावर दुपारी आडवं पडलं की ते ती नावं मनात म्हणत, आणि झोप लागे.

घरी आले तेव्हा जयू गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालत होती. तुळशीच्या पानांवर पिवळी भुकटी बसली होती. कालची. जयूच्या पावलांचे ठसे तिच्यातून स्वयंपाकघरापर्यंत गेले होते, आणि मधुकरराव दारात उभे राहून ते ठसे बघत राहिले. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. सांगताना त्यांना जाणवलं की आपण “रंगात शिसं असावं म्हणे” असं म्हणतोय, जणू कुणा तिसऱ्याच माणसाच्या रंगाची गोष्ट आहे. जयूनं तांब्या खाली ठेवला. पाळण्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही लावलात,” ती म्हणाली, “आणि मी दोरी धरली.” झालं, एवढंच. ते तिथेच जमिनीवर बसायला लागले तशी ती ओरडली, “अहो, त्या धुळीत कुठे बसताय! रडायचं ते मागाहून रडू. आधी स्नेहाला फोन करा, तिचं बाळ रविवारी ह्याच्यात झोपणार आहे.” मग तिनं झाडू उचलला, थबकली, झाडू बाजूला ठेवला आणि बादलीत फडकं भिजवलं. कुणी न सांगता तिला हे सुचलं याचं मधुकररावांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं, कारण डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं: झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

स्नेहानं समजून घेतलं. सगळ्या घरांना सांगायचं म्हणून मधुकररावांनी भय्यासाहेबांना कळवलं, त्यांनी समजून घेतलं नाही. भय्यासाहेब म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष, सत्तरीतले वकील, पांढरा शर्ट आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवण्याची सवय. ते संध्याकाळी स्वतः आले, चहा घेतला, गुडघ्यावर हात ठेवला. “मधुकरराव, बात का बतंगड नका करू. एका मुलीचा रिपोर्ट आला, ठीक आहे, तिचा इलाज करू. पण तुम्ही घराघरांत जाऊन सांगणार की तुमच्या मुलाला आम्ही जहर दिलं? लोक आपल्या तोंडावर थुंकतील. मंडळाची काय इज्जत राहील? पाळणा शुभ वस्तू आहे. शिप्रेत सोडून द्या, निर्माल्य समजून. विषय संपला.” ते गेल्यावर मधुकरराव खुर्चीतच बसून राहिले. खोटं कशाला बोला, त्यांना ते पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, छातीवरचं ओझं कुणीतरी उचलल्यासारखं हलकं वाटलं होतं. मधुरानं कुणाला सांगितलं नव्हतं. ती सांगणारही नव्हती. पाळणा नदीत गेला असता, एकेचाळीस घरांत ते मधुकाकाच राहिले असते, लग्नांत पहिल्या पंगतीला बसले असते. रामघाटाच्या पायऱ्या त्यांना दिसल्या, हिरवट पाणी दिसलं, पाण्यावर डुलत जाणारा पिवळा पाळणा दिसला. आणि मग त्या पाण्यात कमरेइतकं उभं राहून नाणी शोधणारी, डुबक्या मारणारी घाटावरची पोरं दिसली. त्यातलं एखादं तो ओढून काठाला आणील. घरी नेईल. त्याच्या घरी धाकटं भावंड असेलच. मधुकरराव उठले. त्यांनी पाळणा ओल्या चादरीवर उलटा केला.

तळाची नावं त्यांनी कधी एकत्र वाचली नव्हती. प्रत्येक वेळी नवं लिहायचं, जरा लांबून बघायचं, पाळणा सुलटा करायचा. आता पहिल्यांदा ते वरून खाली वाचत गेले आणि आठव्या नावावर थांबले: सुमीत. रजनीचा धाकटा. मैलाच्या दगडाचा पिवळा आला त्यानंतरचं पहिलं बाळ; ताज्या रंगात ठेवलेलं पहिलं. सुमीत आता बावीस वर्षांचा होता, दहावीला दोनदा बसला होता, अक्षरं डोळ्यांपुढं नाचतात म्हणायचा. रजनी त्याला गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात आळशी म्हणायची, आणि एकदा ते तिथे असताना त्यांनीही म्हटलं होतं. कपाटातून त्यांनी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली, नोकरीतली शेवटची उरलेली. ओल्या फळीवर प्लास्टिक घातलं, त्यावर कागद पसरला आणि नावं गिरवायला लागले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी आखलेले रस्ते गिरवले होते. चूक असली तरी गिरवणाऱ्याची नसे. ही चूक मात्र त्यांच्या हातची होती, आणि हात अजून स्थिर होता, हे त्यांना आधी लाजिरवाणं आणि मग, नाव पुढे सरकत गेलं तसं, उपयोगाचं वाटू लागलं. एकेचाळीस नावं झाल्यावर त्यांनी दुसरा कागद घेतला आणि त्यावर उज्जैनचा नकाशा काढला, त्यांना तोंडपाठ असलेला: फ्रीगंज, माधव नगर, नानाखेडा, आगर नाका. सहा वर्षांच्या आतली आठ मुलं होती. आठ घरांवर त्यांनी आठ टिंबं दिली. मग थोडा विचार करून रजनीच्या घरावर नववं दिलं, जरी आता तिथं तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिलं घर मधुराचं. तिचा नवरा रुचिर दार उघडून नुसता बाजूला झाला. अहू जमिनीवर बसली होती, एका चमच्याशी खेळत होती, त्यांना पाहून हसली नाही. आधी ती त्यांचा चष्मा ओढायची. मधुकरराव तिच्यासमोर खाली बसले, आणि तिच्या आईला न सांगता तिलाच सांगितलं, की हे माझ्यामुळे झालं. मधुरा म्हणाली, “तुम्ही येऊन बोलले ते बरं केलं काका. मला वाटलं होतं तुम्ही फोन पण नाही उचलणार.” दोन घरांत त्यांना पाणीही विचारलं नाही. एका आजोबांनी त्यांना पायरीवरच उभं ठेवलं आणि पुढे महिनाभर मधुकरराव रस्त्यात दिसले की फुटपाथ बदलत. शेवटी रजनीकडे. तिला सांगताना त्यांनी हेही सांगितलं की मी डॉक्टरांना विचारलं, इतक्या वर्षांनी रक्तात काही सापडायचं नाही, सुमीतचं तसं का झालं हे कधीच कळणार नाही. शिशानं असेल, नसेलही. रजनी बराच वेळ ओट्याची किनार पुसत राहिली. “वीस वर्षं,” ती म्हणाली, “मी त्या पोराला आळशी म्हणत आले.” मग म्हणाली, “तुम्ही जा आता, मधूभाऊजी.” ते गेले. पायरी उतरताना त्यांना वाटलं की नववं टिंब देऊन आपण फक्त आपलं मन हलकं करायला आलो होतो, आणि ते झालेलं नाही, आणि व्हायलाही नको.

रविवारी बारसं झालं ते झोळीत. जयूनं आपल्या लग्नातलं नऊवारी काढलं, पंख्याच्या शेजारच्या कडीला बांधलं, स्वतःचं वजन टाकून गाठ तपासली. बाळाचं नाव आल्हाद ठेवलं, जयूनं पाळणा म्हटला, आणि पेढे वाटून झाल्यावर मधुकरराव उभे राहिले. मंडळाच्या हॉलमध्ये सत्तरेक माणसं होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि भय्यासाहेब मधेच म्हणाले, “शुभ प्रसंग आहे, हे विषय नंतर कधी...” मागच्या रांगेतून रजनी उभी राहिली. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. “नंतर म्हणजे कधी, भय्यासाहेब? माझा बावीसचा झाला. मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. मधूभाऊजी, तुम्ही लिस्ट वाचा. आणि ज्यांच्या घरात बच्चा आहे त्यांनी कान देऊन ऐका.” मग मधुकररावांनी आठ नावं वाचली. पाळण्याच्या रंगाचे कपचे इंदूरच्या लॅबला पाठवलेत हेही सांगितलं, आणि घरात कुणीही जुना रंग कोरडा घासू नये हेही. आवाज फाटला तिथे फाटू दिला. खाली बसले तेव्हा त्यांना कळलं की कुणी थुंकलेलं नाही. स्नेहाची सासू आपल्या घरच्या जुन्या खिडक्यांविषयी जयूला विचारत होती. भय्यासाहेबही, थोड्या वेळानं, त्यांच्या गुडघ्यावर हात न ठेवता म्हणाले, “माझ्या नातवाचं नाव घेतलंत तुम्ही. उद्या कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते सांगा.”

लॅबचं उत्तर आलं, मर्यादेच्या कितीतरी पट. पाळणा त्यांनी दोन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळला, उरलेल्या डब्यांसकट. वर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं, “ज़हरीला रंग, बच्चों से दूर”, आणि नगर निगमच्या गाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्याशी स्वतः उभे राहून तो चढवला. गाडी वळली तेव्हा जयूनं हात जोडले. आठांपैकी पाच मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. पुढचं दीड वर्ष मधुकरराव आकड्यांत जगले. जयूच्या आग्रहानं स्वतःचंही रक्त दिलं, चौदा निघालं, आणि त्या आकड्यानं त्यांना एक विचित्र समाधान दिलं: मुलांच्या रांगेत आपणही आहोत. औषध असं फारसं नव्हतंच. अहूच्या डॉक्टर सक्सेना मोठ्या मुलांना सांगाव्यात तशा साध्या गोष्टी सांगत: लोहाची औषधं वेळेवर, दूध, नाचणी, पालेभाज्या, खाण्याआधी हात, फरशी ओली. मधुकररावांनी प्रत्येक घरी एक तक्ता करून दिला, रेखीव अक्षरातला, आणि शनिवारी जाऊन बघत. पोरांना ते हात धुवायला लावणारे आजोबा म्हणून ठाऊक झाले. एक तर त्यांना पाहताच नळाकडे पळत सुटे. अहूचं सत्तावीसचं एकोणीस झालं. मग बारा. आकडा बारावर आला त्या महिन्यात तिनं मधुराकडे बोट करून “आई” म्हटलं, आणि मधुरानं त्यांना फोन करून बोलायचा प्रयत्न केला, पण नुसतीच रडत राहिली. ते “हो, हो, कळलं” म्हणत राहिले आणि इकडे जयूनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. मग सात. सातवर आकडा इतके दिवस अडकला की मधुकररावांची झोप उडाली, कारण नावं म्हणून आता झोप येत नसे, प्रत्येक नावापुढे आकडा यायचा.

अहूचा चारचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात त्रेचाळिसावं बारसं होतं. झोळी आता मंडळाची रीतच झाली होती, आणि झोळीच्या मागे भिंतीवर मधुकररावांचा कागद लावायचा, सगळी नावं असलेला. आठही मुलं हॉलमध्ये होती, पाचांतलं शेवटचंही पाचच्या आत आलं होतं, आणि त्यांनी इतका गोंधळ मांडला होता की जयूचा पाळणा कुणालाच ऐकू येईना. सुमीत त्यांचे फोटो काढत होता. मधुकरराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नुसते ऐकत होते. ओरडणं, रडणं, एकमेकांच्या चुगल्या, वाक्यांवर वाक्यं. कुणी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की आम्ही जिंकलो, आणि त्यांना ते म्हणायची लाज वाटली नसती. मग तीन वर्षांची अहू गर्दीतून आली, पेढा धरलेला हात त्यांच्या सदऱ्याला पुसला आणि त्यांना ओढत कागदापाशी घेऊन गेली. टाचा उंच करून तिनं एकेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. “हा माझा अ. काका, हा अ माझा आहे, आल्हादचा दुसरा आहे, त्याचा मोठा आहे पण माझा पहिले आहे, आणि तुझं नाव कुठाय, तुला अ येतो का, मी हात धुतले होते पण मग पेढा खाल्ला...” मधुकररावांना तिला काहीतरी सांगायचं होतं, गेलं दीड वर्ष तयार करून ठेवलेलं. ते वाकले, तोंड उघडलं. पण अहल्याबाईंनी त्यांना बोलू दिलं तर ना.